क्रीडास्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी मोफत चित्रे: शोधापासून छपाईपर्यंत

स्पर्धेच्या तयारीत मैदान, पंच, वेळापत्रक आणि पारितोषिके यांची व्यवस्था आधी होते आणि प्रसिद्धीचे काम बहुधा शेवटच्या आठवड्यावर येते. मग कोणीतरी शोधयंत्रात खेळाचे नाव टाकते, बरे दिसणारे पहिले चित्र उचलते आणि त्यावर तारीख-वेळ टाकून भित्तिपत्रक पुढे पाठवते. अशा घाईतून दोन प्रकारचे नुकसान होते. एक म्हणजे दुसऱ्याचे हक्काचे चित्र परवानगीशिवाय वापरले जाते. दुसरे म्हणजे त्या चित्रातला खेळाडू ज्या पद्धतीने उभा असतो, त्या पद्धतीने तो खेळ कोणीच खेळत नाही. पहिली चूक चित्रकाराला खटकते, दुसरी खेळाडूंना, आणि प्रसिद्धी तर खेळाडूंसाठीच असते. दोन्ही टाळणे फारसे अवघड नाही. त्यासाठी पैसे लागत नाहीत, पण कामाचा क्रम नीट लावावा लागतो.

पायरी १: चित्र कुठे आणि कशासाठी वापरणार, हे आधी लिहून काढावे

चित्र शोधण्यापूर्वी कागदावर चार-पाच ओळी लिहाव्यात. भित्तिपत्रक छापले जाणार आहे की फक्त मोबाइलवर फिरणार आहे? मोठा फलक लागणार आहे का? तेच चित्र प्रमाणपत्रावर, टी-शर्टवर किंवा विक्रीच्या वस्तूंवर जाणार आहे का? स्पर्धेला प्रवेशशुल्क किंवा प्रायोजक आहे का? चित्राचा रंग बदलणे, त्यातील एखादी आकृती वेगळी काढणे किंवा दोन चित्रे जोडणे गरजेचे आहे का? या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच कोणता परवाना चालेल आणि कोणत्या प्रकारची फाइल लागेल हे ठरते. ही उत्तरे नसताना शोध सुरू केला, तर आवडलेले चित्र दोन दिवसांनी सोडून द्यावे लागते.

स्पर्धेचे किंवा मंडळाचे बोधचिन्ह या यादीतून सुरुवातीलाच वगळावे. मोफत मिळणारे चित्र दुसरा कोणीही वापरू शकतो, त्यामुळे ते आपली स्वतंत्र ओळख होऊ शकत नाही. शिवाय अनेक संकेतस्थळांच्या अटींमध्ये त्यांच्या चित्रांचा बोधचिन्ह किंवा व्यापारचिन्ह म्हणून वापर करण्यास स्पष्ट मनाई असते. बोधचिन्ह वेगळे काढून घ्यावे आणि मोफत चित्रे प्रसिद्धीपुरती ठेवावीत.

पायरी २: परवाना वाचण्याची सवय लावावी

सर्वांत जास्त गोंधळ याच टप्प्यावर होतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘रॉयल्टी-फ्री’ असे लिहिलेले चित्र फुकट असतेच असे नाही. एकदा किंमत किंवा परवानगी मिळाली की प्रत्येक वापरासाठी पुन्हा मानधन द्यावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘फ्री डाउनलोड’ या शब्दांतूनही फाइल उतरवून घेता येते इतकेच कळते. ती कशी वापरता येईल हे परवान्यात लिहिलेले असते, आणि परवाना संपूर्ण संकेतस्थळासाठी एकच आहे असे गृहीत न धरता प्रत्येक चित्राच्या पानावर तो पाहावा लागतो.

चित्रकारांना आपले काम खुले करण्यासाठी तयार परवाने पुरवणारी क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले; सध्या प्रचलित असलेली ४.० ही आवृत्ती २०१३ ची आहे. या परवान्यांचे सहा प्रकार असून ते चार अटींच्या जोडण्यांतून तयार झाले आहेत. ‘बाय’ म्हणजे श्रेय देणे बंधनकारक. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई. ‘एनडी’ म्हणजे बदल केलेली आवृत्ती इतरांना देण्यास मनाई. ‘एसए’ म्हणजे त्या चित्रावरून तयार केलेली नवी कृती त्याच परवान्याखाली खुली करण्याची अट. यांखेरीज ‘सीसी झिरो’ नावाची घोषणा आहे. तीत चित्रकार कायद्याने शक्य तितके सर्व हक्क सोडून देतो.

प्रसिद्धीच्या कामासाठी माझा स्पष्ट सल्ला असा की, सीसी झिरो, सार्वजनिक अधिक्षेत्रातील चित्रे आणि सीसी बाय या तिघांपुरताच शोध मर्यादित ठेवावा. ‘एनसी’ची व्याख्या व्यावसायिक लाभ किंवा आर्थिक मोबदला हा प्रामुख्याने हेतू असलेल्या वापराभोवती फिरते, आणि प्रवेशशुल्क घेणारी किंवा प्रायोजकांची नावे झळकवणारी स्पर्धा त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडते, यावर दोन जाणकारांचेही एकमत होणे कठीण आहे. ज्या चित्रामुळे असा वाद उद्भवू शकतो, ते भित्तिपत्रकावर घेऊ नये. ‘एनडी’ चित्रावर मजकूर चढवणे, त्याचे रंग बदलणे किंवा त्यातील आकृती कापून घेणे धोक्याचे ठरते, आणि भित्तिपत्रक तर याच कामांतून तयार होते. ‘एसए’ चित्रे वापरता येतात, परंतु त्यावर बेतलेले भित्तिपत्रकही त्याच परवान्याखाली खुले करण्याची तयारी हवी. प्रायोजकांच्या बोधचिन्हांनी भरलेल्या भित्तिपत्रकाच्या बाबतीत ही तयारी सहसा नसते.

सार्वजनिक अधिक्षेत्र म्हणजे स्वामित्वहक्काची मुदत संपलेली किंवा मुळातच तो हक्क नसलेली चित्रे. ही मुदत देशागणिक बदलते: चित्रकाराच्या मृत्यूनंतर काही देशांत ५० वर्षे, काहींत ६०, तर बऱ्याच देशांत ७० वर्षे. म्हणून ‘जुने दिसते’ एवढ्यावर विसंबू नये. चित्र ज्या संग्रहातून आले त्या संग्रहाने हक्कांविषयी काय नोंदवले आहे ते पाहावे.

पायरी ३: योग्य ठिकाणी शोधावे

शोधाची सुरुवात ओपनव्हर्सपासून करणे सोयीचे पडते. हे चित्रांचे भांडार नसून खुल्या परवान्याची चित्रे अनेक भांडारांतून शोधून देणारे यंत्र आहे. येथे ‘व्यावसायिक वापर चालेल’ आणि ‘बदल करता येतील’ अशा दोन गाळण्या लावता येतात, तसेच केवळ रेखाटने दाखवण्याचीही सोय आहे. या तिन्ही खुणा केल्या की आपल्या कामाची नसलेली बरीच चित्रे आधीच बाजूला पडतात. तरीही मिळालेल्या निकालावरून मूळ पानावर जाऊन परवाना पडताळणे आपलेच काम आहे.

विकिमीडिया कॉमन्सचा मोठा फायदा असा की, तेथे ‘एनसी’ आणि ‘एनडी’ अटींची चित्रे मुळातच स्वीकारली जात नाहीत. क्रीडाप्रकारांची साधी चिन्हे, मैदानांच्या आकृत्या आणि खेळाडूंच्या छायाकृती तेथे एसव्हीजी (कितीही मोठे करता येणाऱ्या रेषाचित्राची फाइल) स्वरूपात मोठ्या संख्येने आहेत. मैदानाची आकृती हा दुर्लक्षित पण उत्तम पर्याय आहे. बास्केटबॉलच्या कोर्टच्या किंवा धावपट्टीच्या रेषा पार्श्वभूमीला ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत मजकूर दिला, तर खेळाडूचे चित्र नसतानाही खेळ लगेच ओळखू येतो, आणि अशी रचना गर्दीच्या भिंतीवरही उठून दिसते.

ओपनक्लिपआर्ट हे २००४ पासून चालत आलेले भांडार असून तेथील चित्रे सीसी झिरोखाली येतात. दर्जा अतिशय कमी-जास्त आहे. मात्र शिट्टी, चषक, चेंडू, झेंडा अशा वस्तूंची चित्रे चटकन मिळतात. वेळापत्रकातील लहान चिन्हांसाठी नाऊन प्रोजेक्ट आणि गेम-आयकॉन्स उपयोगी आहेत, आणि दोन्हीकडे मोफत वापरासाठी श्रेय द्यावे लागते. डोंगरचढाई, पोहणे, नौकानयन अशा मोकळ्या हवेतील खेळांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने नकाशांकरिता तयार केलेली चिन्हे पाहावीत. ती सार्वजनिक अधिक्षेत्रात असून इतकी स्वच्छ आहेत की अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारातही वाचता येतात.

पिक्साबे, फ्रीपिक, व्हेक्टीझी, अनड्रॉ ही लोकप्रिय ठिकाणे स्वतःच्या परवान्यांवर चालतात. पिक्साबेवरील चित्रे पूर्वी सीसी झिरोखाली असत, परंतु जानेवारी २०१९ पासून तेथे वेगळ्या अटी लागू झाल्या. तरीही अनेक जुन्या लेखांत जुनीच माहिती वाचायला मिळते. फ्रीपिकवर मोफत खात्यातून घेतलेल्या चित्राला श्रेय देणे आवश्यक असते. अनड्रॉवर श्रेयाची सक्ती नाही आणि चित्र उतरवून घेण्यापूर्वीच त्याचा मुख्य रंग बदलता येतो, मात्र तेथे खेळांची चित्रे मोजकीच आहेत. या संकेतस्थळांच्या पहिल्या ओळीत बहुधा पैसे देऊन घ्यायची चित्रे दाखवली जातात, याकडेही लक्ष असावे.

आता ज्या साठ्याकडे फार थोडे आयोजक वळतात, त्याविषयी. मोठ्या संग्रहालयांनी गेल्या काही वर्षांत आपले चित्रसंग्रह खुले केले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि अमेरिकेच्याच स्मिथसोनियन या संग्रहालयसंस्थेने २०२० मध्ये आपल्या संग्रहांतील लाखो प्रतिमा सीसी झिरोखाली दिल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १९३६ ते १९४३ या काळातील सरकारी प्रकल्पांतून तयार झालेली भित्तिपत्रके आहेत. पोहणे शिकण्याचे आवाहन करणाऱ्या त्यांतील काही पत्रकांवरून दोन-तीन सपाट रंगांत किती जोरकस परिणाम साधता येतो ते शिकण्यासारखे आहे.

याहून मोलाचा साठा म्हणजे एडवेअर्ड मायब्रिज यांचा १८८७ चा हालचालींचा छायाचित्रसंच. त्यातील ७८१ पाट्यांवर माणसे आणि प्राणी हालचालीच्या एकेका क्षणात टिपलेले आहेत: धावणे, उडी, कुस्ती, तलवारबाजी, टेनिसचा फटका, क्रिकेटची फलंदाजी. छायाचित्रकाराचे निधन १९०४ मध्ये झाले असल्याने त्यावरून रेखाटन करण्यास हरकत येत नाही. बऱ्याच चित्रांतील माणसे विवस्त्र आहेत, त्यामुळे चित्र जसेच्या तसे घेऊ नये. त्यावरून भरीव छायाकृती काढावी आणि तिला आजचा पोशाख द्यावा. कमी प्रचलित खेळांची तयार चित्रे मिळत नाहीत, तेव्हा या संचातील झेप, पकड आणि धाव यांवरून स्वतःची आकृती उभी करणे हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. मात्र हीच गोष्ट वर्तमानपत्रातल्या आजच्या छायाचित्रावरून करू नये. छायाचित्र गिरवून काढलेले रेखाटन हे त्या छायाचित्राचेच रूपांतर ठरू शकते आणि त्यासाठी मूळ हक्कधारकाची परवानगी लागते.

पायरी ४: शोधाचे शब्द बदलून पाहावेत

केवळ खेळाचे नाव टाकले की प्रत्येकाला मिळतात तीच चित्रे मिळतात. नावासोबत चित्राचा प्रकार लिहावा, जसे सिल्हूट, लाइन आर्ट, पिक्टोग्राम, व्हेक्टर. त्याहून चांगला परिणाम क्रियेच्या शब्दांनी मिळतो: ‘अ‍ॅथलेटिक्स’ऐवजी ‘स्प्रिंट स्टार्ट’, ‘हर्डल’, ‘बॅटन’, ‘व्हॉलीबॉल’ऐवजी ‘स्पाइक’ किंवा ‘ब्लॉक’. बहुतेक भांडारांतील चित्रांना इंग्रजीत खुणा दिलेल्या असतात, म्हणून तेथे इंग्रजी शब्द टाइप करावेत. एखादे चित्र आवडले, तर त्याच चित्रकाराची इतर चित्रे पाहावीत, कारण एका हातची तीन चित्रे घेतली की संपूर्ण प्रसिद्धीला एकसारखेपणा येतो. तीन संकेतस्थळांवरून आणलेल्या तीन शैली एकाच भित्तिपत्रकावर ठेवल्या, तर रंग जुळवूनही त्या एकमेकींशी भांडत राहतात.

पायरी ५: चित्र त्या खेळाच्या जाणकाराला दाखवावे

ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मजकुराला जागा मिळावी म्हणून चित्र डावी-उजवीकडे उलटवण्याची सवय सर्वत्र आहे. पण मैदानी हॉकीचे उदाहरण पाहावे. त्या खेळात स्टिकची सपाट बाजू ठरलेली असते, चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो, आणि डावखुऱ्यांसाठी उलट स्टिकला नियमांत जागा नाही. म्हणजे हॉकीपटूचे चित्र उलटवले की हातातली स्टिक नियमबाह्य होते. धावपट्टीवरच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावल्या जातात. वळणावर धावणाऱ्या खेळाडूंचे चित्र उलटवले, तर ते चुकीच्या दिशेने धावू लागतात. पाठीवरचे क्रमांक आणि फलकांवरची अक्षरे उलटी होतात ती वेगळीच.

साधनेही तपासावीत. फुटबॉलचा परिचित काळा-पांढरा चेंडू १२ पंचकोन आणि २० षट्कोन मिळून बनतो; सर्व तुकडे षट्कोनी दाखवलेली चित्रे भांडारांत सर्रास आढळतात, जरी केवळ षट्कोनांपासून बंद गोल तयारच होऊ शकत नाही. अडथळा शर्यतीतील अडथळ्याचा पाया धावक ज्या बाजूने येतो त्या बाजूला असतो, जेणेकरून पाय लागल्यास अडथळा पुढे पडावा. चित्रात पाया पलीकडे असेल, तर धावपटूला ते पाहूनच अस्वस्थ वाटते. क्रिकेटमध्ये तीन यष्ट्या आणि दोन बेल्स, बॅडमिंटनच्या शटलचा पिसांकडचा भाग आणि बुचाकडचा भाग, रॅकेटच्या तारा, हातांची बोटे हे सारे एकदा मोजावे. संगणकाने आपोआप तयार केलेल्या चित्रांत तर बोटे, तारा आणि पकड यांच्या चुका हमखास तपासाव्यात.

उपाय सोपा आहे: निवडलेली दोन-तीन चित्रे त्या खेळाच्या प्रशिक्षकाला किंवा ज्येष्ठ खेळाडूला पाठवावीत आणि ‘यात काही चुकीचे दिसते का?’ एवढेच विचारावे. उत्तर मिनिटभरात येते. महिला खेळाडू, वेगवेगळ्या वयांचे खेळाडू आणि दिव्यांग खेळाडू स्पर्धेत असतील, तर ते चित्रांतही दिसतात का, हेही याच वेळी पाहावे.

पायरी ६: स्वामित्वहक्काखेरीज इतर हक्क

चित्राचा परवाना निर्दोष असला, तरी चित्रात दाखवलेली वस्तू कोणाच्या तरी हक्काची असू शकते. ऑलिंपिकची पाच वर्तुळे हे याचे ठळक उदाहरण आहे. १९८१ च्या नैरोबी करारान्वये या चिन्हाला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले आहे, तेव्हा स्थानिक स्पर्धेच्या पत्रकावर ती घेऊ नयेत. क्लबांची बोधचिन्हे, मोठ्या स्पर्धांचे चषक आणि कपड्यांवरील कंपन्यांची चिन्हे यांनाही हेच लागू होते. ओळखू येईल असा प्रसिद्ध खेळाडू चित्रात असेल, तर त्याने स्पर्धेला पाठिंबा दिला आहे असा समज होऊ शकतो, म्हणून चेहरा नसलेली किंवा कल्पित खेळाडूची आकृती घ्यावी.

याशिवाय, दुसऱ्याचे चित्र स्वतःचे म्हणून खुल्या परवान्याखाली चढवणारे लोकही असतात. शंका आली की ते चित्र टिनआय किंवा गूगल लेन्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनांमध्ये टाकून पाहावे. तेच चित्र एखाद्या विक्रीच्या भांडारात दुसऱ्या नावाने दिसले, तर ते लगेच सोडून द्यावे.

पायरी ७: फाइल, आकार आणि बदल

शक्य तेथे एसव्हीजी फाइल घ्यावी. ती रेषांच्या गणितावर बनलेली असल्यामुळे प्रमाणपत्रापासून मोठ्या फलकापर्यंत कोणत्याही आकारात फाटत नाही. पीएनजी किंवा जेपीजी घ्यावी लागली, तर बिंदूंची संख्या पाहावी: ए३ आकाराचे पत्रक ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० बिंदू) छापायचे असेल, तर संपूर्ण पानासाठी ३५०८ बाय ४९६१ बिंदू लागतात. लांबून पाहायच्या फलकाला एवढी घनता लागत नाही. १० फूट बाय ६ फुटांचा फलक ७२ पीपीआयने केला, तर ८६४० बाय ५१८४ बिंदू पुरतात.

बदलांसाठी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. चित्र उघडून ते अनग्रुप करावे, नको असलेले भाग काढावेत आणि उरलेल्या आकृतीला स्पर्धेच्या दोन-तीन रंगांतच बसवावे. आकार वाढवताना रेषांची जाडीही त्याच प्रमाणात वाढावी, असा पर्याय चालू आहे का ते पाहावे, नाहीतर लहान चित्रात ठसठशीत दिसणारी रेषा मोठ्या फलकावर केसासारखी बारीक होते. बिंदूंच्या चित्रावरून छायाकृती हवी असेल, तर ‘ट्रेस बिटमॅप’ वापरून मग ‘सिम्प्लिफाय’ करावे, मात्र ते एक-दोनदाच, कारण त्यापुढे बोटे आणि पावले यांचा नुसता गोळा होतो.

छपाईला देण्यापूर्वी सर्व बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) ठेवावे आणि मजकुराचे पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृतींत, रूपांतर करून पीडीएफ करावी. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल, तर देवनागरीतील जोडाक्षरे तुटण्याचा धोका त्यामुळे टळतो. संपादनासाठीची मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. पडद्यावरचे झगझगीत हिरवे आणि नारिंगी रंग छपाईत मंद होतात, म्हणून एक नमुना प्रत पाहिल्याशिवाय पूर्ण छपाईला परवानगी देऊ नये. मोबाइलसाठी १०८० बाय १०८० आणि १०८० बाय १९२० बिंदूंच्या दोन वेगळ्या प्रती कराव्यात. छापील पत्रक जसेच्या तसे लहान केले, तर तारीख आणि संपर्क वाचता येत नाहीत.

पायरी ८: श्रेय आणि नोंदी

श्रेयात चार गोष्टी असाव्यात: चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव, चित्र कुठून घेतले, आणि परवाना; बदल केला असेल, तर तसेही लिहावे. पत्रकाच्या तळाशी लहान अक्षरांत ‘चित्र: (शीर्षक), (चित्रकार), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय ४.०, रंग बदलले आहेत’ अशी एक ओळ पुरते. समाजमाध्यमांवर ती चित्राखालच्या मजकुरात देता येते. सीसी झिरो चित्राला श्रेय सक्तीचे नाही, तरीही ते द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण आपले काम विनामूल्य देणाऱ्या माणसाला मिळणारी ती एकमेव गोष्ट असते.

प्रत्येक चित्रासाठी एक फोल्डर करून त्यात मूळ फाइल, पानाचा पत्ता, परवाना दिसणारा स्क्रीनशॉट आणि उतरवून घेतल्याची तारीख ठेवावी. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिल्यावर, अटी पाळणाऱ्याकडून तो परत घेता येत नाही, परंतु चित्राचे पान हटवले जाऊ शकते. तेव्हा तो परवाना होता हे दाखवण्यासाठी नोंदच कामी येते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान जतन करून ठेवले, तर पुरावा अधिक भक्कम होतो.

एवढे करूनही चित्रकाराकडून तक्रार आली, तर वाद न घालता प्रथम डिजिटल प्रत काढून घ्यावी, नोंदी तपासाव्यात आणि चूक श्रेयाची असेल, तर ती दुरुस्त करून कळवावे. ४.० आवृत्तीच्या परवान्यांत अशी तरतूद आहे की, उल्लंघन लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ते दुरुस्त केले, तर गेलेला हक्क आपोआप परत मिळतो. मात्र दरम्यानच्या उल्लंघनाबद्दल दाद मागण्याचा चित्रकाराचा अधिकार त्यामुळे संपत नाही.